जखम झाडाला कशी कळते? — पेशीच्या दारावरील कुलूप व त्याची किल्ली



उसाच्या कांडीला भोक पडलेले दिसले, की आपण म्हणतो, कांडीकीड लागली. आपल्याला डोळे आहेत म्हणून भोक दिसते. उसाला डोळे नाहीत, मज्जातंतू नाहीत, मेंदू तर नाहीच. तरीसुद्धा अळीने कांडी पोखरली, की उसाच्या आत एरवी नसणारी प्रथिने तयार होऊ लागतात. म्हणजे खबर कुठेतरी पोचते खरी. ही खबर देतो कोण, आणि पेशी ती ऐकते कशाने? आजच्या धड्यात एवढा एकच प्रश्न घेऊ.

हा प्रश्न नुसत्या ज्ञानाचा नाही, खिशाचाही आहे. हल्ली गावोगाव "पिकाची प्रतिकारशक्ती जागी करणारे" म्हणून औषधांच्या बाटल्या येतात. लेबलावर पेप्टाइड, संप्रेरक असे भारी शब्द असतात. विकणारा सांगतो, "टोमॅटोवर बघा काय रिझल्ट आला, उसाला का नाही येणार?" त्याला काय उत्तर द्यायचे, हे धडा संपेपर्यंत आपले आपल्यालाच कळेल. थोडे सावकाश वाचा, म्हणजे झाले.

धडा सुरू होतो टोमॅटोपासून

अमेरिकेत पुलमन या गावी वॉशिंग्टन राज्य विद्यापीठ आहे. तेथे क्लॅरेन्स रायन नावाचे शास्त्रज्ञ बटाटा व टोमॅटो यांतील प्रथिनांचा अभ्यास करीत. या झाडांत काही प्रथिने अशी असतात, की ती किड्याच्या पोटातील पाचकरस बांधून टाकतात. पाला खाल्ला तरी त्यातील प्रथिन पचत नाही, अळी खुरटते. अशा प्रथिनांना आपण "पचनरोधक" म्हणू.

१९७२ साली रायन व त्यांचे सहकारी ग्रीन यांनी असे दाखवून दिले, की बटाट्यावरचा भुंगेरा एक पान कुरतडतो तेव्हा पचनरोधक त्या पानात तर वाढतेच, पण त्याच झाडाच्या न कुरतडलेल्या पानांतही काही तासांत वाढते. आता बघा, ज्या पानाला दात लागलाच नाही, ते पान सावध झाले कसे? जखमेच्या जागेहून काहीतरी निघाले असले पाहिजे. ते काय, याचा शोध पुढे वीस वर्षे चालला.

शोधण्याची पद्धत साधी होती, पण चिकाटीची. टोमॅटोच्या पानांचा रस काढायचा, त्याचे घटक वेगळे करायचे, आणि एकेक घटक पाण्यात मिसळून त्यात टोमॅटोची कापलेली कोवळी रोपे उभी करायची. ज्या पाण्याने रोपात पचनरोधक वाढेल, तो घटक ठेवायचा, बाकीचे टाकायचे. पुन्हा वेगळे करायचे, पुन्हा तपासायचे. असे करता करता १९९१ साली ग्रेगरी पिअर्स, रायन व सहकारी यांच्या हाती एक पदार्थ लागला. त्याला त्यांनी "सिस्टेमिन" नाव दिले.

सिस्टेमिन हे पेप्टाइड आहे. पेप्टाइड म्हणजे काय? अमिनो आम्ले हे मणी धरले, तर प्रथिन ही लांब माळ, आणि पेप्टाइड म्हणजे त्या माळेचा छोटा तुकडा. सिस्टेमिनमध्ये मणी फक्त १८. माणसाच्या अंगातील इन्सुलिन हेही अशाच जातीचे संप्रेरक आहे, त्यात मणी ५१. वनस्पतींत तोवर जी संप्रेरके ठाऊक होती ती निराळ्या घडणीची, द्राक्षाच्या घडांना वापरतात ते जिब्रेलिक आम्ल त्यांपैकीच. पेप्टाइडसुद्धा झाडात निरोप्याचे काम करते, हे सिस्टेमिनमुळे प्रथम कळले. आणि ताकद किती! एका रोपाला जागे करण्यास ग्रॅमच्या अब्जाव्या भागापेक्षाही कमी सिस्टेमिन पुरते.

गोदामातली साखर रस्त्यावर दिसली, तर?

आता महत्त्वाची गोष्ट. हे पेप्टाइड जखम झाल्यावर नव्याने घडवले जात नाही. ते आधीच एका मोठ्या प्रथिनात गुंफलेले असते. १९९२ साली त्या मोठ्या प्रथिनाचे जनुक सापडले. त्याची माळ २०० मण्यांची, आणि सिस्टेमिनचे १८ मणी तिच्या शेवटच्या टोकाजवळ. ही माळ अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांशेजारच्या पेशींत, आतल्या बाजूस, गुपचूप पडून असते. पेशी धड आहे तोवर तिचा कुणाला उपद्रव नाही की उपयोग नाही.

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. साखरेचे पोते गोदामात असते तेव्हा पहारेकरी त्याकडे ढुंकूनही बघत नाही. पण गोदामाच्या भिंतीबाहेर साखर सांडलेली दिसली, तर तो लगेच शिट्टी फुंकतो. चोर त्याने पाहिलेला नसतो. आतला माल बाहेर दिसला, एवढ्यावरून भिंत फुटल्याचे तो ओळखतो. झाडाचे नेमके तसेच आहे. अळीने पेशी फोडली की आतली लांब माळ बाहेर सांडते, कात्रीसारखी काम करणारी विकरे तिचे तुकडे करतात, आणि १८ मण्यांचा तुकडा मोकळा होऊन शेजारच्या धड पेशींपर्यंत जातो.

ही कातरण्याची क्रिया किती झटपट होते, हे मोहरीच्या कुळातील अरेबिडॉप्सिस नावाच्या लहानशा झाडात चांगले दिसले. त्या झाडाचे पेप्टाइड निराळे आहे, २३ मण्यांचे, त्याला "पेप" म्हणतात. तेही रायन यांच्याच प्रयोगशाळेत २००६ साली सापडले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की पेशी फुटताच तीत कॅल्शियम घुसते, कॅल्शियमने कात्री जागी होते, आणि मिनिटभराच्या आत कातरणे सुरू होते.

कुलूप कसे असते?

निरोप सुटला, पण तो ऐकायचा कशाने? प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पटल असते. त्या पटलात काही प्रथिने दारातल्या कुलपासारखी बसवलेली असतात. शास्त्रात त्यांना ग्राही प्रथिने म्हणतात. कुलपाचा एक भाग पटलाबाहेर, मधला भाग पटलातून आरपार, आणि तिसरा भाग पेशीच्या आत. बाहेरचा भाग नालासारखा वाकलेला असतो. त्याच्या आतल्या खोबणीत पेप्टाइड आडवे बसते. मणी नि खाचा जुळल्या तरच बसते, नाहीतर नाही.

पण नुसते बसून भागत नाही. शेजारी दुसरे एक मदतनीस प्रथिन असते. पेप्टाइड बसले की ते या दोघांमध्ये खिळीसारखे होते आणि दोघांना जखडते. दोघांची आतली टोके एकमेकांजवळ आली, की ती एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. येथून पुढे पेशीत धावपळ सुरू होते. कॅल्शियम आत येते, पेशीबाहेरील पाण्याची आम्लता काही मिनिटांत कमी होते, आणि पटलातील स्निग्ध पदार्थांपासून जास्मोनिक आम्ल तयार होऊ लागते. हे आम्ल पचनरोधकांची जनुके चालू करते.

किल्ली लागणे आणि किल्ली फिरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हेही प्रयोगाने कळले. सिस्टेमिनचा सतरावा मणी बदलून दुसरा घातला, तर ते कुलपात जाऊन बसते, पण फिरत नाही. इतकेच नव्हे, ते खऱ्या किल्लीची जागा अडवते. एक मणी इकडचा तिकडे झाला की सगळा खेळ बिघडतो. पेप्टाइडची बाटली घेताना हे ध्यानात असावे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सिस्टेमिन स्वतःच दूरच्या पानापर्यंत धावत जाते, असे प्रथम वाटले होते. पुढे २००२ साली टोमॅटोच्या निरनिराळ्या वाणांची एकमेकांवर कलमे करून पाहिली, तेव्हा चित्र बदलले. दूरचा निरोप पोचण्यासाठी जखमी पानात जास्मोनिक आम्ल तयार होणे व दूरच्या पानाला ते ओळखता येणे या दोन गोष्टी आवश्यक ठरल्या. सिस्टेमिनचे काम जखमेच्या आसपास, तेथील हाक मोठी करण्याचे. गावात आधी शेजारी ओरडतो, मग दवंडी पिटते, तसेच म्हणा ना. जास्मोनिक आम्लाचाच एक प्रकार हवेतूनही जातो. १९९० साली फार्मर व रायन यांनी सेजब्रश नावाचे रानझुडूप व टोमॅटोची रोपे एकाच बंद पेटीत ठेवली, तर टोमॅटोत जखम नसताना पचनरोधक वाढले.

सोळा वर्षे चुकीचे कुलूप

किल्ली १९९१ साली मिळाली. कुलूप मिळायला किती वर्षे लागली असतील? तब्बल सत्तावीस.

रायन यांच्या प्रयोगशाळेने सिस्टेमिनला प्रकाशाने चिकटणारी खूण लावली व ते पेशीवर कुठे चिकटते ते पाहिले. एका मोठ्या प्रथिनाला ते चिकटले. २००२ साली जाहीर झाले, की हेच सिस्टेमिनचे कुलूप. परंतु ते प्रथिन ओळखीचे निघाले. झाडाची उंची-वाढ सांभाळणाऱ्या ब्रासिनोस्टेरॉइड या दुसऱ्याच संप्रेरकाचे ते कुलूप होते. एका कुलपाला दोन किल्ल्या? तेव्हा अनेकांना हे नवल वाटले.

मग काहींनी सरळ परीक्षा घेतली. टोमॅटोचे एक खुजे वाण असे आहे, की त्यात हे प्रथिन कामाचे राहिलेलेच नाही. हेच जर कुलूप असेल, तर ते वाण सिस्टेमिनला बहिरे असायला हवे. २००७ साली तपास प्रसिद्ध झाला. ते खुजे झाड सिस्टेमिनला व्यवस्थित उत्तर देत होते. म्हणजे कुलूप दुसरेच होते. चिकटणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. त्याच वर्षी रायन वारले. खरे कुलूप त्यांना पाहायला मिळाले नाही.

खरे कुलूप २०१८ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथील गेओर्ग फेलिक्स यांच्या गटाने शोधले. त्यांची युक्ती शेतकऱ्याला पटेल अशी आहे. पेरू देशात टोमॅटोचा एक रानटी भाऊबंद उगवतो, तो सिस्टेमिनला उत्तर देत नाही. त्याचा आणि आपल्या टोमॅटोचा संकर करून अशी वाणे केलेली होती, की प्रत्येकात रानटी झाडाच्या गुणसूत्राचा एकेक तुकडा आलेला. कोणता तुकडा आला म्हणजे झाड बहिरे होते, हे पाहत पाहत ते त्या जनुकापर्यंत पोचले. मग पक्की कसोटी लावली. तंबाखूचा एक भाऊबंद मुळात सिस्टेमिनला बहिरा आहे. त्याच्या पानात हे जनुक घातले आणि पान ऐकू लागले! या कुलपाला त्यांनी "सिर-१" नाव दिले.

त्याच तपासात आणखी एक गोष्ट निघाली, ती विसरू नये. सिर-१ नसलेल्या टोमॅटोला नुसती जखम केली, तरी जखमेचा निरोप बऱ्यापैकी पोचतच होता. पण अळ्या सोडल्यावर मात्र अशी झाडे जास्त खाल्ली गेली. म्हणजे झाडाला खबर पोचवायच्या वाटा एकाहून अधिक आहेत. हे कुलूप त्यांतील एक असले, तरी अळीपुढे त्याचा उपयोग खरा आहे.

घराघराची किल्ली वेगळी

सिस्टेमिन हे टोमॅटो, बटाटा, मिरची यांच्या घराण्यापुरते आहे. त्या घराण्यातही सगळ्यांना ते ऐकू येत नाही, हे तंबाखूच्या भाऊबंदाने वर दाखवलेच. ऊस तर गवताच्या कुळातला, मका आणि ज्वारीचा जवळचा नातेवाईक. टोमॅटोची किल्ली उसाला लागत नाही.

गवतकुळाला स्वतःच्या किल्ल्या आहेत. वर सांगितलेल्या पेपसारखे पेप्टाइड मक्यात २०११ साली सापडले. २०१३ साली असेही दिसले, की मक्याचे असेच एक पेप्टाइड दिल्यास मक्याची पाने विशिष्ट वास सोडतात आणि त्या वासाने अळीवर अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्या ओढल्या जातात. आपण उसात ट्रायकोकार्डे लावतो, तेथेही काम परोपजीवी किड्याचेच. मका मात्र आपल्या जातीच्या माशीला स्वतःच हाक मारतो.

२०१५ साली निरनिराळ्या कुळांची पेप पेप्टाइडे एकमेकांवर लावून पाहिली. एका कुळाची किल्ली दुसऱ्या कुळाला लागली नाही. पण एका कुळाचे कुलूप दुसऱ्या कुळातील झाडात बसवले, तर त्या झाडाने उत्तर दिले. म्हणजे घरातले वायरिंग सर्वांचे सारखे, दारावरचे कुलूप मात्र ज्याचे त्याचे. म्हणून बाटली विकणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्न हाच: "हे उसावर तपासले आहे काय? कोणत्या वाणावर, किती हंगाम, न फवारलेल्या सऱ्या शेजारी ठेवून की नाही?" टोमॅटोचा फोटो हे त्याचे उत्तर नव्हे.

मग उसाची जखम?

ब्राझीलमध्ये उसाला डायट्रिया नावाची पोखरणारी अळी लागते. आपल्याकडील खोडकीड, कांडीकीड यांच्याहून ती वेगळी, पण काम तेच. तेथील शास्त्रज्ञांनी २०१२ साली "शुगरविन" नावाच्या उसातील दोन प्रथिनांविषयी लिहिले. अळीने पोखरले, यंत्राने जखम केली किंवा जास्मोनिक आम्लाचा प्रकार दिला, तर ही प्रथिने वाढतात. मौज अशी, की त्यांनी अळीला काही होत नाही. त्यांचा मारा बुरशीवर आहे. अळीच्या भोकावाटे लाल कुजीची व इतर बुरशी आत शिरते, तिच्याविरुद्ध ऊस ही तयारी करतो. चोर घरात शिरला, आता निदान त्याच्यामागून दुसरा येऊ नये, असा हा बंदोबस्त.

पण बंदोबस्ताला खर्च येतो. जास्मोनिक आम्ल चढले की झाडाची वाढ मंदावते, हे अनेक झाडांत दिसले आहे. रोज गावात दवंडी पिटत राहिली तर शेतीची कामे कोण करणार? तेव्हा झाडाला सदोदित "जागे" ठेवणे म्हणजे फायदाच, असे समजू नये. आपल्याला बिल मिळते ते वजनाचे, हे विसरून चालणार नाही.

उसाला जखम ओळखता येते, पण दर जखम त्याला महागात पडते. म्हणून जखम कमी करणे हे आपल्या हातातले काम:

१. बेणे तोडताना कोयता धारदार असावा. चिरलेली, पिचलेली टिपरी लागणीस घेऊ नयेत.

२. टिपरीचा काप लाल दिसला तर बाजूला काढावी. ऊस उभा चिरून लाल भागात आडवे पांढरे पट्टे दिसले व आंबूस दारूसारखा वास आला, तर लाल कूज समजावी. असे बेट मुळासकट काढून जाळावे. त्या प्लॉटचे बेणे घेऊ नये, खोडवाही ठेवू नये.

३. शिफारशीप्रमाणे बेणेप्रक्रिया चुकवू नये. उसाची स्वतःची तयारी जखमेनंतर सुरू होते, आपली आधी झालेली असावी.

४. ट्रायकोकार्डे वेळेवर लावावीत. भोकच पडले नाही तर बुरशीला दार कुठले?

५. नवीन औषध घ्यायचेच असेल, तर आधी चार सऱ्यांवर घ्यावे, शेजारच्या चार सऱ्या तशाच सोडाव्यात, आणि तोडणीला दोन्हींचे वजन वेगळे करावे. सिस्टेमिनचे कुलूप खरे की खोटे, हे शेवटी अशाच शेजारी-शेजारी तुलनेने ठरले.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. आतले प्रथिन बाहेर आले, एवढ्यावरून पेशी जखम कशी ओळखते?

२. पेप्टाइड ग्राही प्रथिनाला चिकटले, एवढ्यावरून तेच त्याचे कुलूप असे का म्हणता येत नाही?

३. टोमॅटोवर चाललेले पेप्टाइड उसावर चालेलच असे का धरू नये?

४. तुमच्या गावात गेल्या हंगामात "प्रतिकारशक्ती" म्हणून कोणी काही फवारले काय? न फवारलेल्या सऱ्या ठेवल्या होत्या काय? वजन काय आले?

चौथ्या प्रश्नाची उत्तरे सभासदांनी आपापल्या गट ऑफिसात लिहून द्यावीत. फायदा झाला असेल तर तसे, पैसे वाया गेले असतील तर तसे. दोन्हींचा आम्हांस सारखाच उपयोग आहे, आणि शेजारच्या सभासदाला त्याहून अधिक.